गडग्यावरची वस्ती

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी खराटे आणि ब्लीचिंग पावडर बाहेर निघते. जूनपासून चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, चढलेला हिरवा रंग उतरवल्याशिवाय सणाला घर सजल्यासारखं वाटत नाही. न्हाणीपाशी नि पायऱ्यांवर बुळबुळीत झालं असेल ते जरूर घासावं. सणासुदीला पाय मोडून घेण्यात शोभा नाही. पण गडग्याच्या सावलीतल्या अंगाला इवल्या पानांच्या शेवाळाचे जे गुबगुबीत पुंजके बसलेले असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. तिथे भाडं न देणारे, पण कुणाला त्रासही न देणारे पुष्कळ सूक्ष्म जीव राहतात.

थंड मुलखातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीत हाच संसार मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथलं स्फॅग्नम शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं, कारण त्याच्या पानांत मेलेल्या, रिकाम्या, भोकं असलेल्या पेशींची दाटी असते. त्या आंबट पाण्यात कवचवाले अमीबा राहतात. एक जण तर पोटात हिरवी शैवालं बाळगून उन्हावर गुजराण करतो. हे मेले तरी कवचं पीटमध्ये हजारो वर्षं टिकतात. कुठल्या थरात कुठल्या जातीची कवचं आहेत यावरून त्या काळी दलदल किती ओली होती ते कळतं. डोकं नसलेल्यांनी लिहिलेली पाण्याची बखरच ती.

आपल्या गडग्यावर पीट साचत नाही. चार महिने धो धो पाऊस, मग चिरा तापतो. त्यामुळे इथे टिकतो तो सुकायला शिकलेलाच.

ही वस्ती सूक्ष्मदर्शकातून बघायची असेल तर रुपयाएवढा पुंजका बुडाची माती झटकून बशीत उपडा ठेवावा आणि बुडेल इतकं पावसाचं किंवा विहिरीचं पाणी घालावं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते नको. शेवाळ ओलं असेल तर अर्धा तास पुरे. मे महिन्यातलं करपलेलं असेल तर चार-पाच तास. मग पुंजका पिळून पाणी उभ्या पेल्यात दहा मिनिटं निवळू द्यावं आणि तळाचा गाळ ड्रॉपरने घ्यावा. वरचं पाणी घेतलं की हाती काही लागत नाही, आणि गाळ दाट घेतला की मातीच दिसते. पाणअस्वल (टार्डिग्रेड) अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं, आठ पायांचं, चाळीसपटीला सापडतं. चक्रधर जीव (रोटिफर) शंभरपटीला छान दिसतात, कवचवाल्या अमीबांना चारशेपट लागते. काचेवर झाकणकाच थेट टेकवली तर पाणअस्वल चेपतं. कडेला केसाचा तुकडा ठेवावा. बशी दिवसभर झाकून ठेवली तर प्राणवायू संपतो आणि अस्वलं फुगून निपचित पडतात. ती मेलीच असं समजून फेकू नयेत, ताज्या पाण्यात पुष्कळदा सावरतात.

सुकलेल्या जिवाला पाण्याने जाग येते हे सूक्ष्मदर्शकातून जीव न्याहाळणाऱ्या डच लेव्हेनहूकने १७०२ मध्येच पन्हळीतल्या कोरड्या गाळात पाहिलं होतं. तेव्हापासून कौतुक सगळं त्या जिवांचं. २००७ मध्ये पाणअस्वलं अंतराळातही जाऊन आली, आणि ‘अमर’ ही पदवी त्यांना चिकटलीच. ती जरा जास्तच आहे. उघड्या काचेवर, पंख्याखाली थेंब झरझर सुकला तर पाणअस्वल सहसा पुन्हा उठत नाही. पाय आत ओढून, अंग आखडून गोळा व्हायला त्याला सावकाश सुकावं लागतं, आणि ती सवड देतो शेवाळाचा पुंजका. दाटीवाटीच्या पानांमधून ओल हळूहळू उडते. चिऱ्याचा उघडा पृष्ठभाग इतका वेळ देत नाही. माझ्या मते निम्मं श्रेय शेवाळाला द्यायला हवं. पण ते हलत नाही, म्हणून त्याचं कुणी कौतुक करत नाही.

म्हणून बघून झालं की काच पुसून टाकू नये. थेंब पुंजक्यावर सोडावा आणि पुंजका होता त्याच जागी, त्याच बाजूने दाबून बसवावा.