पंखा बंद केल्यावर

ठाणे, ९ जानेवारी

काल रात्री पंखा बंद करून झोपलो. आमच्याकडे थंडी आली की नाही हे मी एवढ्यावरूनच ठरवतो. पंख्याची घरघर थांबली की पहाट ऐकू येते. स्टेशनात शिरणारी लोकल, खालच्या मजल्यावरच्या काकूंची बादली, दूधवाल्याच्या सायकलची घंटी. हे आवाज वर्षभर होतच असतात, आपल्या कानापर्यंत पोचतात ते मात्र या महिन्यात.

निफाडला पारा किती उतरला त्याच्या बातम्या येतात. आपल्याला शेजारी समुद्र, त्यामुळे जानेवारीची पहाट साधारण १६-१७ अंशांवर थांबते. उत्तरेचा कोरडा वारा सुटला तर आणखी थोडी खाली. दुपारी पुन्हा ऊन चटके देतं. म्हणजे खरी थंडी पहाटेपुरतीच, आणि म्हणूनच ती मला झोपेत घालवायची नसते.

पावणेसातला कचराळी तलावावर गेलो तर अजून दिवे लागलेले. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात होऊन गेला, तरी सूर्योदय अजून रोज थोडा उशिराच होतोय, संक्रांतीपर्यंत असंच चालेल. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जास्त वेगाने पळते. त्यात तिच्या आसाचा कल. त्यामुळे घड्याळाच्या हिशोबात भरदुपार रोज काही सेकंद पुढे सरकते. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या टोकाला. नोव्हेंबरच्या शेवटी सहालाच मावळणारा सूर्य आता सव्वासहापर्यंत टिकतो. हे कळल्यापासून सकाळचा हा जास्तीचा अंधार मला फार आवडायला लागलाय. कानटोप्या घातलेले आजोबा, शाल गुंडाळून भराभर चालणाऱ्या मावश्या, आणि कोणालाच कोणाचा चेहरा नीट दिसत नाही, तरी सगळे एकमेकांना हाक मारतात.

येताना जांभळी नाक्यावर गेलो. हिवाळ्यातल्या बाजारासाठी मी कितीही वाकडी वाट करीन. ओली हळद, तुरीच्या शेंगा, वालपापडी, लसणीची पात, गावठी गाजरं, बोरं. मातीचा वास अजून गेलेला नसतो. ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसल्या, आईला फोन केला.

"भोगीच्या आदल्या दिवशी घे रे. आज आणलास तर भाजीला काही उरायचं नाही, येता-जाता सोलून खाल."

"थोडा आणतो ना, नुसता खायला."

"मग दोन जुड्या आण. मलाही हवाय."

संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसून तो सोलत होतो. सालांवरची आंबट खार बोटांना लागते, ती चाटायची. आईने लहानपणच्या शेतावरचा हावळा सांगितला, काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेला, हात आणि तोंड काळं करणारा. मी तो गॅसवर तव्यात भाजला. तिला तोही आवडला, हे मला तिच्या हाताच्या वेगावरूनच कळलं.

ऑफिसची बस ठाणे खाडीवरच्या ऐरोली पुलावरून जाते. आज ओहोटी होती. चिखलाच्या कडेने रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसली आणि अर्धी बस एका बाजूच्या खिडक्यांकडे वळली. खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आला. दोन्ही बाजूंनी एवढी शहरं दाटलेली असताना हे पक्षी चिखलातलं शेवाळ वेचायला अजून इथे येतात याचा मला दरवर्षी तितकाच आनंद होतो. पुलावर दोन मिनिटं गाडी अडकली तर एकाही माणसाने तक्रार केली नाही.

आता आठवून ठेवायचं: बाजरी उद्याच दळायला द्यायची, भोगीच्या तोंडावर गिरणीत रांग असते. भाकरीला लावायला पॉलिश न केलेले तीळ. लोणी आई काढणार आहे. आणि रविवारी ताईकडे पनवेलला पोपटी आहे, म्हणजे मडक्यात पाला घालून शेंगा भाजायच्या; त्यासाठीचा भांबुर्डीचा पाला तिच्या सासऱ्यांनी आणून ठेवलाय. स्वेटर न्यायचा, रात्री शेतात गार असतं.