कोटावरची ओंबी

भाच्याच्या लग्नात मुलांच्या कोटांवर लावलेली फुलं कुठून आणली, असं अजून कोणी ना कोणी विचारतं. घरीच केली म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न: मग संध्याकाळपर्यंत सुकली कशी नाहीत? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोटावरच्या फुलाला पाणी मिळत नाही, पाकळ्यांत असेल तेवढ्यावरच त्याला दिवस काढायचा असतो. त्यामुळे फूल निवडलं की निम्मं काम झालं. मोगरा माझा लाडका, पण कोटावर नकोच. जरा दाबला गेला की तपकिरी पडतो, आणि लग्नात तर भेटेल तो मिठी मारतो. अबोलीला वास नाही, पण लवकर मान टाकत नाही. गोव्याकडच्या बायका तिच्या वळेसरावर, म्हणजे गजऱ्यावर, उगीच जीव टाकत नाहीत. आम्ही बटण शेवंती घेतली. जिप्सोफिला, म्हणजे ती बारीक पांढरी फुलं, मी मुद्दाम टाळला, प्रत्येक पुष्पगुच्छात तोच असतो.

लग्न फेब्रुवारीतलं, शेतात गहू पिवळा पडलेला. मग ओंब्या आणल्या आणि सावलीत उलट्या टांगून वाळवल्या. वाळलेलीच वस्तू, सुकायची भीती नाही! फक्त कुसं कात्रीने अर्धी करा, नाहीतर मिठी मारणाऱ्याच्या गळ्याला टोचतात.

शेवंतीचे देठ आदल्या संध्याकाळी तिरपे कापून रात्रभर पाण्यात ठेवायचे. सकाळी बोटभर देठ राखायचा, मागे आंब्याचं लहानसं पण जून पान, बाजूला ओंबी, आणि सगळं फुलांच्या हिरव्या टेपने गुंडाळायचं. ही टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. तिच्यावर सुतळीचा एकच पदर उकलून गुंडाळा. अख्खी सुतळी जाड दिसते. गुलाब हवाच असेल तर पाकळ्यांखालच्या हिरव्या फुगीर भागातून बारीक तार आरपार घालून दोन्ही टोकं देठालगत वळवा, म्हणजे मान वाकत नाही.

तयार फुलं डब्यात ओलसर फडक्यावर ठेवून फ्रिजमध्ये. पण त्याच फ्रिजमध्ये केळी, सफरचंदं नकोत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि फुलं लवकर म्हातारी होतात. लग्नघरातल्या फ्रिजमधून फळं बाहेर काढायची म्हणजे केवढं राजकारण, ते तुम्हाला माहीतच आहे.

लावताना डावी बाजू, देठ खाली, आणि टाचणी कॉलरच्या मागून, म्हणजे पुढून दिसत नाही. शेरवानी रेशमी असेल तर आतून कापडाचा तुकडा धरून टाचा. नवरदेवासाठी मात्र एक जास्तीचं करून ठेवाच, त्याचं पहिलं फूल पंगतीपर्यंत टिकत नाही.

लग्न मेमध्ये असेल तर ओंब्या कापणीच्या आधीच कोणाकडे तरी सांगून ठेवा. मळणी झाली की फक्त भुसा मिळतो.