वाइन सुपरमार्केटात आली तर?

'सुपरमार्केटात वाइन मिळायला लागली तर तुमच्या दुकानाचं काय, भाऊ?' जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हापासून जळगावात ओळखीचं कुणी भेटलं की हेच विचारतं. निर्णयाला विरोधही खूप झाला. पण तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगतो.

भावात सुपरमार्केटांशी झुंजूच नये. ते गाड्या भरून माल उचलतात, सूट देतात. आपलं कंबरडं मोडेल. आपली लढाई उन्हाशी आहे.

वाइनला बारा-पंधरा अंशांचा गारवा लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. नाशिकहून धुळ्यामार्गे येणारा टेम्पो भर दुपारी ढाब्यावर उभा राहिला, की आतली वाइन तापून फुगते आणि बूच वर ढकलते. म्हणून खोकं फोडलं की मी प्रत्येक बाटलीच्या तोंडावर अंगठा फिरवतो. बूच काठाच्या वर लागलं किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला, तर बाटली परत. तापलेली वाइन पुन्हा गार केली म्हणून सुधारत नाही. उन्हाळ्यात माल रात्रीच्याच गाडीने मागवतो, आणि लाइट गेली तरी चिलर बंद पडू देत नाही. एवढी निगा प्रत्येक बाटलीची मोठ्या दुकानात कोण राखणार?

दुसरं म्हणजे बोलणं. दुकानात चाखवता येत नाही, मग नीट सांगता तरी आलं पाहिजे. गिऱ्हाईक भारीतली रेड मागतं. मी आधी विचारतो, जेवायला काय आहे? शेवभाजी किंवा हिरव्या मिरचीचं भरीत असेल, तर तुरट, कडक रेडने तिखट आणखी भडकतं. तिथे किंचित गोडसर शेनिन ब्लांक, म्हणजे पांढरी वाइन द्यावी, चांगली गार करून. बहुतेकदा ती रेडपेक्षा स्वस्तच पडते. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडलं तरी चालेल, पण असं गिऱ्हाईक पुढच्या वेळी पाव्हण्यालाही घेऊन येतं.

नवीन दुकान टाकणाऱ्यांना एवढंच सांगेन, की फळ्या भरून दाखवायच्या मोहात पडू नका. साध्या पांढऱ्या वाइनची चव वर्ष-दोन वर्षांत उतरायला लागते. लेबलवरचं साल पाहा, थोडा माल घ्या, आणि तो संपला की पुन्हा मागवा.