तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या टीव्हीचे पैसे कोण भरतं?

"वहिनी, तुमच्याकडे टीव्हीला महिना खरंच काही पडत नाही?" भाजीवालीपासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. विचारताना आवाज हमखास खाली येतो, जणू मी विजेच्या तारेवर आकडा टाकून बसले आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

चोरीबिरी काही नाही. आमच्या छपरावर आहे ती प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेची, 'डीडी फ्री डिश'. डिसेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'डीडी डायरेक्ट प्लस' होतं. तिला रिचार्ज नाही, महिन्याचा हप्ता नाही. डिश, बॉक्स, वायर आणि बसवणाऱ्याची मजुरी धरून साधारण दीड-दोन हजार एकदाच जातात. देशात चार कोटींहून जास्त घरांत ती असल्याचा अंदाज दिला जातो, तरी शहरातल्या माणसाला सांगितलं की तो "असं पण असतं?" म्हणतो. जाहिरात कोण करणार? ज्यात दुकानदाराला एकदाच गिऱ्हाईक मिळतं आणि दर महिन्याला काही सुटत नाही, ती वस्तू कोणी पुढे करत नाही.

यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि तो जास्त शहाणा असतो: "मग त्यांना परवडतं कसं?"

केबलवर आपण पैसे भरतो, ते केबलवाल्याकडून चॅनलवाल्याकडे जातात. फ्री डिशवर पैशांची दिशा उलटी आहे. इथे खासगी चॅनलच प्रसार भारतीला पैसे देतं, तुमच्या घरात यायला मिळावं म्हणून. डिशवरच्या जागांना 'स्लॉट' म्हणतात आणि त्यांचा दरवर्षी ई-लिलाव होतो. एकेका स्लॉटची बोली कोटींत जाते. २०२३-२४ साठीच्या लिलावातून प्रसार भारतीला हजार कोटींच्या वर मिळाले. चॅनलवाले हा पैसा जाहिरातींतून वसूल करतात. म्हणजे साबण, बिस्किटं आणि बियाणं विकणाऱ्या कंपन्या माझं टीव्हीचं बिल भरतात, आणि तोच साबण घेताना मी ते हळूहळू फेडते. पण तो साबण केबलवालेही घेतातच की. त्यांना तर वरून केबलचं बिलही भरावं लागतं.

हे लिलावाचं गणित लक्षात आलं की बाकीच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. चॅनलं का गायब होतात, हे बघा. वर्षाचे स्लॉट ३१ मार्चला संपतात, १ एप्रिलला नवे लागतात. त्या दिवशी टीव्हीवर निम्मे आकडे काळे दिसले की लोक डिशवाल्याला बोलावतात आणि तो 'सर्व्हिसिंग'चे दोनशे घेऊन जातो. काही बिघडलेलं नसतं. रिमोटवर मेनूत जाऊन 'ऑटो स्कॅन' दाबायचं, आलं ते आपलं.

कधीकधी जातात ती मात्र खरीच जातात. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपली फुकट हिंदी चॅनलं, म्हणजे झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल, रिश्ते वगैरे काढून घेतली. वर्षभराने परत आणली. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढली. जुन्या मालिका फुकट दाखवून जाहिराती मिळत होत्या हे खरं, पण लोक केबल सोडून डिशकडे वळत होते. आपलंच पैसे देणारं गिऱ्हाईक आपणच घालवतोय, असं त्यांना दिसलं. तेव्हा फ्री डिशवर आज जे दिसतं ते उद्या दिसेल असा शब्द मी कोणालाच देत नाही. कायमची म्हणाल तर दूरदर्शनची चॅनलं. त्यात आपली सह्याद्री आहे, आणि संध्याकाळी सातच्या बातम्यांत कोणी कोणावर ओरडत नाही एवढ्यासाठी मला ती पुरते.

मराठीचं काय, हे विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि त्यांना मालिकांबद्दल विचारायचं असतं. स्पष्ट सांगते: झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी ही मंडळी पैसे घेणारी. ती इथे मिळत नाहीत. महाराष्ट्रातल्या लाखो घरांतून त्यांना दर महिन्याला वर्गणी मिळते, ती सोडून उलट स्लॉटचे पैसे ती कशाला भरतील? शिवाय जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे केबल-डिशचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, असा नियम केला की जे चॅनल फ्री डिशवर फुकट आहे, ते केबलवर आणि बाकीच्या डिशवरही फुकटच द्यायला हवं. झालं, दार आणखी घट्ट झालं. तरी 'फक्त मराठी', 'शेमारू मराठीबाणा' यांच्यासारखी चॅनलं गावोगाव माहीत झाली ती याच डिशमुळे. तिथे सिनेमे असतात, दुपारी स्वयंपाक उरकल्यावर बघण्याजोगे. पण रात्री आठची जी ती मालिका, ती नाही.

आमच्या घरी सासूबाईंना नेमकी तीच हवी होती. त्यावरून बरेच दिवस अबोला-बोलाचाली झाल्या. माझं म्हणणं, एका मालिकेसाठी केबल घ्यायची का. त्यांचं म्हणणं, तुझ्या नवऱ्याच्या क्रिकेटसाठी अख्खी डिश चालते ना. तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तो हिशोब तुम्हालाही उपयोगी पडेल.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी पद्धत आली: जे चॅनल बघाल त्याचेच पैसे भरा. ऐकायला फार न्याय्य. पण चॅनल निवडण्याआधी 'नेटवर्क कपॅसिटी फी' नावाची एक रक्कम भरायची, कमाल १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. झाले १५३ रुपये ४० पैसे. एवढ्यात फुकट चॅनलं. आता एकच पैशांचं चॅनल घेतलं, समजा १९ रुपयांचं, तर करासकट ते २२ रुपये ४२ पैसे. म्हणजे एक मालिका बघायला महिना पावणेदोनशेच्या वर, आणि त्यातलं चॅनलला जाणार १९ किंवा त्याहूनही कमी! मुंबईला जाताना तिकिटापेक्षा स्टँडवर शिरायचेच जास्त पडावेत, तसला प्रकार. २०२४ मध्ये त्या फीची कमाल मर्यादाही ट्रायने उठवली, त्यामुळे आता प्रत्येकाचा दर वेगळा. घ्यायच्या आधी हा एकच प्रश्न विचारा: चॅनलं सोडून नुसतं कनेक्शनचं काय पडतं? बरेच जण उत्तर न देता पॅकेजचा कागद पुढे करतात.

आमच्यापुरता तोडगा निघाला तो तांत्रिक नाही. सासूबाई रात्री आठला शेजारी जातात. तिथल्या काकूंना सोबत होते, यांची मालिका होते, आणि दुसऱ्या दिवशी दोघींना नायिकेच्या सासूला नावं ठेवायला विषय मिळतो. मालिका संपली तरी त्या जातील असं मला वाटतं.

आता क्रिकेट. इथे फ्री डिशवाला केबलवाल्याला मागे टाकतो, आणि हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण खासगी कंपन्यांना प्रसार भारतीला द्यावंच लागतं. त्यात भारताचे वन-डे आणि टी-ट्वेंटी येतात. आयपीएल येत नाही. पूर्वी केबलवर दूरदर्शन दाखवणं सक्तीचं असल्यामुळे तिथेही मॅच फुकट दिसायची. त्यावर कोट्यवधी रुपये मोजून हक्क घेणाऱ्यांनी तक्रार केली. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे चित्रण दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणात आणि आपल्या फ्री डिशवरच दाखवावं. म्हणून महिना चारशे भरणाऱ्याने आपल्या केबलवर डीडी लावलं तर मॅचच्या वेळी तिथे दुसरंच काही चालू असतं, आणि आमच्याकडे भारत-पाकिस्तान बघायला तेच चारशेवाले येतात. चहा मीच करते. त्याचा हिशोब कोणी विचारत नाही.

बसवायचं कसं, ते सांगते. डिशवाला येईल तेव्हा शेजारी उभं राहता येईल एवढं तरी माहीत हवं. उपग्रहाचं नाव जीसॅट-१५. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कोकणातून आणि पुण्याकडून बघितलं तर ही जागा जवळजवळ बरोब्बर आग्नेयेला, क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास उंच. नागपूरला तोंड आणखी जरा दक्षिणेकडे करावं लागतं. त्या दिशेला मध्ये काही नको. आमच्या चिपळूणकडे अडचण होते ती माडांची. डिश लावताना माड लहान असतो, चार-पाच वर्षांत झावळी आडवी येते आणि मग वारा सुटला की चित्र तुकड्यातुकड्यांनी दिसतं. लोक बॉक्स बदलतात. माडाकडे कोणी बघत नाही.

डिश पत्र्याला किंवा कौलांच्या वाशाला ठोकू नका. जरा हलली तरी सिग्नल जातो. भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्याला, नीट फिशर मारून लावायची. समोरच्या दांडीवर जे बोंडुकलं असतं त्याला एलएनबी म्हणतात. तिथे वायर जोडतात त्या जागी पाणी शिरू नये म्हणून टेप गुंडाळून घ्या आणि खाली वायरीला एक सैल वळसा सोडा, म्हणजे पाणी वायरीवरून कनेक्टरकडे न जाता वळशावरून खाली ठिबकेल. आमच्याकडची निम्मी दुरुस्ती गंजलेल्या कनेक्टरचीच असते. बॉक्स घेताना 'एमपेग-फोर' मागा. जुने 'एमपेग-टू' बॉक्स थोडे स्वस्त पडतात, पण काही चॅनलं त्यांना दिसतच नाहीत. आणि बॉक्स घेण्याआधी टीव्हीच्या मागे बघा. काही नव्या टीव्हींना उपग्रहाची वायर थेट लावायची सोय असते, तिथे बॉक्सच लागत नाही. दुकानदार हे आपणहून सांगणार नाही.

जुलैत मोठी सर आली की चित्र जातं. ही वेव्हलेंथच पावसाच्या थेंबांत विरणारी आहे, पैसे भरून घेतलेल्या डिशचंही तेच होतं. सर ओसरली की परत येतं. तोवर बाहेर वाळत घातलेलं आत घ्यायचं असतंच.

"जुना अँटेना आहे माळ्यावर, तो लावला तर?" असं विचारणारेही आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. नाही दिसणार. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागलं, नंतर तालुक्या-तालुक्याला टॉवर आले. ती जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केली. मार्च २०२२ पर्यंत मोजकी सोडून सगळी गेली. त्या काळाबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यांना मी आठवण करून देते की तेव्हाचा टीव्ही फुकट नव्हता. रेडिओसारखंच टीव्हीलाही लायसन्स होतं, वर्षाचे पैसे पोस्टात जाऊन भरायचे. ते ऐंशीच्या दशकात रद्द झालं.

तरुण मुलं म्हणतात, डिश कशाला, मोबाइलवर सगळं आहे. आहे. मराठी बातम्यांची बहुतेक चॅनलं यूट्यूबवर थेट दिसतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या वेळी 'वेव्हज' नावाचं अॅप आणलं, त्यात दूरदर्शनची चॅनलं थेट आहेत, जुने कार्यक्रमही. घरात वाय-फाय असेल तर उत्तमच. पण मोबाइलच्या दिवसाच्या दीड जीबीवर टीव्ही लावलात तर बरं चित्र घेऊन दोन तासांच्या आत "तुमचा डेटा संपला आहे" येतं. ते फुकट नव्हे. आणि कोणी "दोन हजारांत वर्षभर जगातली सगळी चॅनलं" म्हणून बॉक्स किंवा लिंक विकत असेल, तर ती मात्र खरोखर आकडा टाकलेली वीज आहे. एक दिवस बंद पडते आणि विकणारा फोन उचलत नाही.

सगळ्यांनीच डिश घ्यावी असं माझं म्हणणं नाही. पंचावन्न इंची टीव्ही घेतला असेल तर यातल्या बऱ्याच चॅनलांवर माणसांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसतील. आयपीएल हवं असेल, इंग्रजी कार्टून हवी असतील, आठची मालिका चुकवणं शक्यच नसेल आणि शेजारी काकू नसतील, तर केबल ठेवा. बाकीच्यांनी केबलचं आत्ताचं बिल काढून बघा. डिशचा खर्च वर्षाच्या आत सुटत असेल तर घ्या. फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये घेऊ नका. एप्रिलची नवी यादी लागू द्या, ज्यांच्याकडे डिश आहे त्यांच्या घरी जाऊन काय काय आलंय ते बघा, आणि मग दुकानात जा. आमच्याकडे आलात तरी चालेल, आठनंतर टीव्ही मोकळाच असतो.