लिनक्स सर्व्हर अर्ध्या वाटेवर थांबवण्याचे प्रकार

अनेक वापरकर्त्यांसाठी बनवलेली सिस्टीम एकाच माणसासाठी सुरू करण्याची सोय युनिक्समध्ये फार जुनी आहे. 1975 च्या सहाव्या आवृत्तीत पीडीपी-11 यंत्रावर ‘@’ हे चिन्ह उमटले की कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) फाइलचे नाव टाइप करावे लागे, आणि यंत्राच्या दर्शनी पट्टीवरील स्विच 173030 या अष्टमान आकड्यावर लावून ठेवले असतील तर लॉगिन न मागता थेट शेल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची जागा, मिळे. आज स्विच उरलेले नाहीत, पण ग्रब या बूटलोडरच्या (कर्नल मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत एखादा शब्द जोडणे हा त्याचाच वारसा आहे.

नेहमीच्या बूटमध्ये यूईएफआय किंवा बायोस हे यंत्रातच बसवलेले फर्मवेअर बूटलोडरला जागे करते, तो कर्नल आणि इनिटरॅमएफएस ही तात्पुरती छोटी फाइलसिस्टीम मेमरीत आणतो, खरी रूट (मुख्य) फाइलसिस्टीम सापडली की पहिली प्रोसेस सुरू होते आणि मग ती बाकीच्या सेवा उभ्या करते. दुरुस्तीसाठीचे बहुतेक बूट म्हणजे हीच साखळी कोठेतरी मुद्दाम तोडणे होय. त्यामुळे त्यांची नावे पाठ करण्यापेक्षा कोणता प्रकार कोठे थांबतो हे ध्यानात ठेवणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

सेवा सुरू करण्याच्या जुन्या सिस्टीम-फाइव्ह पद्धतीत यासाठी रनलेव्हल, म्हणजे आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अवस्था, होत्या. रेड हॅट या लिनक्स वितरणाच्या घराण्यात 3 म्हणजे मजकुरी पडद्यावरचे बहुवापरकर्ता रूप, 5 म्हणजे ग्राफिकल आणि 1 म्हणजे एकट्या रूटसाठी (सर्वाधिकारी खात्यासाठी); डेबियन या दुसऱ्या वितरणात मात्र 2 ते 5 हे मुळात सारखेच असत, त्यामुळे एकीकडची सवय दुसरीकडे फसवत असे. त्या पद्धतीची जागा घेणाऱ्या सिस्टीमडीने आकड्यांऐवजी नावांचे टार्गेट आणले, आणि एकवापरकर्ता अवस्थेचे रेस्क्यू व इमर्जन्सी असे दोन भाग केले. रेस्क्यूमध्ये स्थानिक फाइलसिस्टीम जोडल्या जातात आणि पायाभूत सेवा चालतात. इमर्जन्सीमध्ये सहसा केवळ रूट फाइलसिस्टीम, तीही फक्त वाचण्यापुरती, हाती येते. एफएसटॅबमध्ये (जोडायच्या फाइलसिस्टीमच्या यादीत) काढून टाकलेल्या डिस्कची ओळ राहिली की ती जोडता न आल्याने यंत्र आपोआप इमर्जन्सीत जाऊन बसते, ते यामुळेच.

या दोन्ही अवस्था रूटचा पासवर्ड विचारतात, आणि खरी गंमत येथे आहे. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड न ठेवता सुडोवरच (साध्या खात्यातून रूटचे अधिकार वापरण्याच्या सोयीवरच) भागवले असेल, तर रूटचे खाते बंद असल्याचे सांगून सिस्टीम शेल देण्याचेच नाकारते. अशा वेळी आणखी आधी थांबावे लागते. कर्नलला पहिली प्रोसेस म्हणून थेट बॅश ही शेल चालवायला सांगितले की पासवर्ड विचारणारेच कोणी उरत नाही. मात्र रूट फाइलसिस्टीम लिहिण्यायोग्य करून पुन्हा जोडावी लागते, आणि काम संपल्यावर सवयीने एक्झिट टाइप केले तर पहिलीच प्रोसेस मेल्यामुळे कर्नल पॅनिक होते. रेड हॅटवर त्याहूनही आधीच्या टप्प्यावर, इनिटरॅमएफएसमध्येच थांबण्याची सोय आहे. तेथे पासवर्ड बदलल्यावर एसई-लिनक्स या सुरक्षाव्यवस्थेची फाइलींवरची लेबले पुन्हा लावून घ्यावी लागतात, नाहीतर नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

नेटवर्क बूट मात्र या साखळीत थांबत नाही. तो तिचा उगमच बदलतो. पीएक्सई या नेटवर्कवरून बूट करण्याच्या पद्धतीत नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) आयपी पत्ता आणि बूट फाइलचे नाव घेते, टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतुकीच्या पद्धतीने ती फाइल आणते, आणि रूट फाइलसिस्टीम एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडल्या जाणाऱ्या फाइलसिस्टीमवर) ठेवली तर संगणकात डिस्क नसली तरी चालते. पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह सिस्टीमचेही तसेच: यंत्रावरची सिस्टीम झोपलेलीच राहते आणि तिची डिस्क आपण बाहेरून तपासतो.

यंत्राला हात लावू शकणाऱ्या कोणालाही हे सारे करता येते, हे उघड आहे. ग्रबला पासवर्ड लावल्याने कर्नलच्या ओळीतले फेरफार थांबतात, पण पेन ड्राइव्ह थांबत नाही; त्यासाठी फर्मवेअरलाही कुलूप हवे, आणि डिस्कच काढून नेली तर तेही निरुपयोगी. विदा वाचवायची असेल तर डिस्क लक्स या लिनक्सवरील डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीने एन्क्रिप्ट करावी, कारण मग कोणत्याही वाटेने बूट केले तरी तिची किल्ली दिल्याखेरीज आतले काही वाचता येत नाही.