इंग्रजी आधी कानाला शिकवावे लागते

आमच्या पिढीतील मराठी माध्यमाच्या माणसाला इंग्रजी येत नाही, असे सर्रास म्हटले जाते आणि ते मला कधीच पटलेले नाही. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवणे २००० साली सुरू झाले. त्याआधीची आम्ही मुले पाचवीत एबीसीडी गिरवायला बसलो आणि तरीही दहावीपर्यंत कर्तरी वाक्याचे कर्मणी करणे, अर्ज लिहिणे, उताऱ्याखालील प्रश्नांची उत्तरे देणे हे सारे रीतसर शिकलो. आजही बँकेचे लांबलचक पत्र आले, तर आम्ही ते वाचून समजून घेतो. घोडे अडते ते पलीकडचा माणूस बोलू लागल्यावर. तोच मजकूर कागदावर आला असता तर एका दमात कळला असता. कानावर पडताना मात्र त्यातील निम्मे शब्द कुठे गेले, ते समजत नाही. आमचे डोळे इंग्रजी शिकले, कान तसेच राहिले. इंटरनेटवरील व्हिडिओ आणि संकेतस्थळे यांचा खरा उपयोग याच उणिवेवर होतो, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे.

मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे पाहते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन या कागदांचे इंग्रजी ठरावीक असते. ते एकदा बसले की बसले. पण न्हावा-शेव्याला कंटेनर अडकला की परदेशातील ग्राहक थेट फोन करतो आणि तिथे ठरावीक वाक्ये कामी येत नाहीत. ठाणे–वाशी मार्गावरच्या लोकलमध्ये सकाळी ऐरोली, घणसोली, महापे येथील कार्यालयांत जाणाऱ्या तरुण मुलामुलींची गर्दी असते. त्यांच्या मोबाइलमध्ये डोकावले (डोकावू नये, पण त्या गर्दीत इलाज नसतो), तर गाणी आणि क्रिकेट यांच्या खालोखाल दिसते ते कोणीतरी फळ्यापुढे उभे राहून इंग्रजी शिकवत असल्याचे दृश्य. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि हे घडू लागले; त्या कंपनीचे मोठे संकुल याच मार्गावर घणसोलीला आहे, हाही एक योगच म्हणायचा.

फळ्यापुढील त्या मंडळींविषयी माझे मत संमिश्र आहे. ज्या बाईंची शाळा सातवीत सुटली आणि ज्यांना मुलांच्या शाळेतील सूचना वाचता याव्यात एवढीच इच्छा आहे, त्यांना मराठीतून समजावून सांगणारा शिक्षक हवाच. त्याने धीर येतो. पण ज्याला काळ, वचन आणि शब्दयोगी अव्यये आधीच येतात, त्याने तेच पुन्हा मराठीतून किंवा हिंदीतून ऐकत बसण्यात फारसा अर्थ नाही. असा अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाहून झाला, तरी त्यात प्रत्यक्ष इंग्रजी दोन-चार मिनिटेच कानावर पडलेले असते आणि शिकल्याचे समाधान मात्र पूर्ण अर्ध्या तासाचे मिळते. दुसरा एक प्रकार ‘असे म्हणू नका, असे म्हणा’ या याद्यांचा. त्यात ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) या शब्दाची हमखास खिल्ली उडवलेली असते. वास्तविक हा आपल्याकडे रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने केव्हाच स्वीकारला आहे. बोलण्याआधीच माणसाला भिववणाऱ्या या याद्यांनी कोणाचे इंग्रजी सुधारले असेल, असे मला वाटत नाही.

मग कानाला नेमके काय शिकवायचे? मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजीत वाक्यातील मोजक्या शब्दांच्या एकेका अक्षरावर जोर पडतो आणि त्यांच्या मधले छोटे शब्द अक्षरशः गिळले जातात. ‘ऑफ’, ‘टू’, ‘अँड’, ‘हॅव’ हे शाळेत ठणठणीत उच्चारून शिकलेले शब्द प्रत्यक्ष बोलण्यात ‘अव्ह’, ‘ट’, ‘न’ आणि पुन्हा ‘अव्ह’ एवढेच उरतात. ‘ऑफ’ आणि ‘हॅव’ भरभर बोलताना एकाच आवाजाचे होतात आणि त्यांतला कोणता हे मागच्या-पुढच्या शब्दांवरून ठरवावे लागते. ‘शुड हॅव’चा तर ‘शुडव्ह’ होतो आणि इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेसुद्धा लिहिताना तिथे ‘हॅव’ऐवजी ‘ऑफ’ लिहून बसतात. त्यामुळे आपल्याला ऐकू येत नाहीत ते अवघड, नवे शब्द नव्हेत. नवा शब्द बहुधा जोर देऊन उच्चारला जातो, म्हणून तो निदान वेगळा तरी कळतो. निसटतात ते पाचवीत शिकलेले शब्द आणि त्यांच्यासोबत वाक्याचा सांधाच निसटतो.

माझ्या कामात सर्वांत महाग पडू शकणारी जोडी ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ ही आहे. अमेरिकी माणूस नकार देताना शेवटचा ‘ट’ बहुतेक वेळा गिळतो आणि स्वर मात्र पूर्ण, ठळक ‘ॲ’ ठेवतो. होकार देताना मात्र त्याचा ‘कॅन’ आखडून ‘कन’ होतो. शुक्रवारी माल पाठवण्याविषयी बोलताना ‘वी कन शिप’ असे ओझरते ऐकू आले तर होकार, आणि ‘कॅन’ स्पष्ट व ठसठशीत ऐकू आले तर बहुधा नकार. आपण त्या ‘ट’ची वाट पाहत बसतो, तो येत नाही, आणि स्पष्ट ऐकू आलेल्या ‘कॅन’ला आपण होकार समजतो, म्हणजे अर्थ नेमका उलटा होतो. हे व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकातून कळणे कठीण होते. तेच वाक्य मागे नेऊन पुन:पुन्हा ऐकण्याची सोय हाताशी असली, तर ते एका संध्याकाळी कळते.

यासाठी असे साहित्य हवे की ज्याचा आवाज खरा आहे आणि ज्याचा लेखी मजकूर शेजारी उपलब्ध आहे. ही दुसरी अट मी सर्वांत महत्त्वाची मानते. बीबीसी १९४३ पासून, म्हणजे रेडिओच्या जमान्यापासून, इंग्रजी शिकवत आली आहे. तिच्या ‘बीबीसी लर्निंग इंग्लिश’ या संकेतस्थळावर ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ नावाचे सहा-सहा मिनिटांचे संवाद संपूर्ण मजकुरासह विनामूल्य मिळतात. त्यांचा वेग झेपत नसेल, तर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी नभोवाणीने १९५९ मध्ये सुरू केलेल्या संथ इंग्रजीच्या कार्यक्रमांचे जुने भाग ऐकावेत (नवे भाग २०२५ मध्ये थांबले): सुमारे १५०० शब्दांचा मर्यादित शब्दसंग्रह, आखूड वाक्ये आणि नेहमीच्या दोन-तृतीयांश वेगाचे वाचन. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे ठरवायचे असेल, तर ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्न इंग्लिश’ संकेतस्थळावर चाचणी आहे आणि तिथला अभ्यास युरोपात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ए१ ते सी२ या सहा पातळ्यांप्रमाणे लावलेला आहे. बरेच जण आपली पातळी वाचनावरून ठरवतात आणि ऐकण्यासाठी फार वरचे साहित्य निवडतात. ऐकण्याकरिता एक पायरी खाली उतरलेले बरे.

माझी रीत सांगते. सहा मिनिटांचा संवाद आधी मजकूर न पाहता सलग ऐकायचा. मग त्यातील एकच मिनिट निवडून वाक्यागणिक थांबवत वहीत उतरवायचे, जिथे शब्द ऐकू येत नाही तिथे रिकामी जागा सोडायची आणि शेवटी मूळ मजकूर उघडून ताडून पाहायचे. शाळेतील शुद्धलेखनाच्या तासासारखे हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य. पण रिकाम्या जागा कुठे पडल्या हे पाहिले की आपल्या कानाची खोड कळते. दुसऱ्या दिवशी तोच संवाद लोकलमध्ये केवळ आवाजाच्या रूपात ऐकायचा. चित्र मी मुद्दाम टाळते. पडद्यावर बोलणाऱ्याचे ओठ, हातवारे आणि मागची दृश्ये अर्थाचा अर्धा भार उचलतात. फोनवर बोलणारा ग्राहक यांपैकी काहीच देत नाही.

व्हिडिओच पाहायचे असतील, तर यूट्यूबच्या काही सोयी अंगवळणी पडलेल्या बऱ्या. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ दहा सेकंद मागे जातो. वेग पाव पटीपासून दुपटीपर्यंत बदलता येतो. त्यातला पाऊण पट वेग मला उपयोगी पडतो, मात्र एकदा शब्द सापडला की लगेच मूळ वेगावर परतावे, कारण कोणताही ग्राहक पाऊण पटीने बोलत नाही. व्हिडिओखालील माहितीत ‘ट्रान्सक्रिप्ट’ उघडले की वेळेसह संपूर्ण मजकूर दिसतो. तो यंत्राने तयार केला असेल, तर नावे, आकडे आणि भारतीय उच्चार यांत त्याची बऱ्यापैकी गल्लत होते, तेव्हा त्याला प्रमाण मानू नये. ‘टेड’ या संस्थेची छोटी व्याख्याने २००६ पासून इंटरनेटवर विनामूल्य आहेत, त्यांचा मजकूर माणसांनी तपासलेला असतो, आणि मजकुरातील वाक्यावर क्लिक केले की व्याख्यान नेमके तिथून सुरू होते. त्यांतील अनेक व्याख्यानांना स्वयंसेवकांनी केलेली मराठी उपशीर्षकेही आहेत. ती सुरू ठेवली की कान सुट्टी घेतात आणि डोळे मराठी वाचत राहतात. विषय समजून घेण्यासाठी ती उत्तम, इंग्रजी ऐकायला शिकण्यासाठी निरुपयोगी.

शब्दकोशाबाबत एक आग्रह धरावासा वाटतो. इंग्रजी–मराठी अर्थ देणारे ॲप हाताशी असू द्यावे, पण सवय शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी–इंग्रजी शब्दकोशाची लावावी. लाँगमनच्या शब्दकोशात सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांत दिलेले असतात, त्यामुळे अर्थ वाचणे हाही एक सराव होतो. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या संकेतस्थळांवर प्रत्येक शब्दाचा ब्रिटिश व अमेरिकी उच्चार ऐकता येतो, आणि उच्चार लिहिताना ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्या आधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. ती रेघ पाहू लागल्यापासून ‘डेव्हलप’चा जोर दुसऱ्या अक्षरावर आहे, आणि ‘सर्टिफिकेट’ प्रत्यक्षात ‘सर्टिफिकट’च्या जवळ जाते, हे ध्यानात आले. ‘यूग्लिश’ या संकेतस्थळावर एखादा शब्द टाकला की तो यूट्यूबवरील निरनिराळ्या माणसांच्या तोंडून, पूर्ण वाक्यात, एकामागून एक ऐकायला मिळतो. एकट्या शब्दाचा कोशातील उच्चार आणि वाक्यात चेपलेला त्याचा आवाज यांतील अंतर तिथे स्पष्ट दिसते.

बोलण्याच्या बाबतीत मराठी माणसाला थोडा फायदा आहे. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतील स्वर लिहिण्यासाठी मराठीने ॲ आणि ऑ ही चिन्हे केव्हाच रुळवली, आणि ‘माझा’मधल्या ‘झ’मुळे ‘झू’ किंवा ‘झीरो’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. अडचण निराळ्या ठिकाणी आहे. इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचे प, ट, क हे थोडी हवा सोडून, आपल्या फ, ठ, ख यांच्या दिशेने झुकवून उच्चारतात. आपला कोरडा ‘प’ त्यांच्या कानाला कधीकधी ‘ब’ वाटतो. फोनवर ‘पॅक’चे ‘बॅक’ होते ते यामुळे. शिवाय आपल्या एकाच ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन निरनिराळे आवाज कोंबलेले असतात, त्यांपैकी एकाला दात ओठावर टेकवावे लागतात आणि दुसऱ्याला ओठांचा चंबू करावा लागतो. एखादे वाक्य ऐकून लगेच त्याच चालीत बोलायचे, मोबाइलवर मुद्रित करायचे आणि मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐकायचे, एवढा सराव पुरतो. नौपाड्यातील दोन खोल्यांच्या घरात तो घरच्यांच्या टीकाटिप्पणीविना करणे अशक्य असल्यामुळे मी तो संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती चालताना करते. हल्ली कानात इअरफोन घालून स्वतःशी बोलणाऱ्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही.

कोणाचे इंग्रजी ऐकायचे, हाही प्रश्न आहे. लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा आवाज आदर्श धरून सगळा सराव त्याच्यावरच केला जातो. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करणाऱ्याला प्रत्यक्षात बोलावे लागते ते जर्मन, कोरियन आणि अरब ग्राहकांशी, आणि त्याहून अधिक चेन्नई-कोलकात्याच्या सहकाऱ्यांशी. म्हणून पाया पक्का झाल्यावर मी मुद्दाम निरनिराळ्या देशांतील वक्त्यांची भाषणे निवडते. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमातील इंग्रजी संभाषणाचे अभ्यासक्रमही केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, केवळ परीक्षा द्यायची असल्यास शुल्क पडते, तिथे भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचे प्राध्यापक बोलतात, आणि कार्यालयात कानावर पडणारे इंग्रजी त्याच धाटणीचे असते.

पडद्याकडून मिळत नाही ती एकच गोष्ट, समोरासमोर बोलणारा माणूस. दोन मराठी माणसांनी इंग्रजीत बोलायचे ठरवले की तिसऱ्या वाक्याला ‘जाऊ दे गं’ येते आणि पुढचे सगळे मराठीत होते. आमच्या कारखान्यात केरळचा एक अभियंता आहे. त्याला मराठी शिकायचे आहे आणि मला इंग्रजी बोलायचे आहे, म्हणून दुपारच्या जेवणात अर्धा वेळ एक भाषा, अर्धा वेळ दुसरी असे आम्ही ठरवून घेतले. त्याला मी वरची सगळी रीत समजावून सांगितली. त्याने सहज विचारले की संथ वाचलेल्या मराठी बातम्या, मजकुरासह, कुठल्या संकेतस्थळावर मिळतील. इंग्रजीसाठी दहा ठिकाणे चटकन सुचली होती; मराठीसाठी त्याच्या पातळीला साजेसे काही शोधताना आम्हा दोघांची दमछाक झाली. तेव्हापासून मी वर्तमानपत्रातील ठाणे-नवी मुंबईच्या पानावरची एखादी छोटी बातमी सावकाश वाचून मुद्रित करते आणि कात्रणाच्या छायाचित्रासह त्याला पाठवते. तो ती ऐकून वहीत उतरवतो आणि दुपारी डब्याच्या वेळी रिकाम्या जागा मला विचारतो.