मधल्या कार्टनमधले नमुने

सिस्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "सर, इंजेक्शन देताना सिरिंजचा कान तुटला." कान म्हणजे बॅरलच्या वरच्या टोकाला दोन बाजूंना असलेले पंख, ज्यांना बोटं अडकवून आपण दांडा दाबतो. कारखान्यात आम्ही त्याला फ्लँज म्हणतो. ५ मिलीची सिरिंज, आठ महिन्यांपूर्वी गॅमा करून, म्हणजे गॅमा किरणांनी निर्जंतुक करून, बाहेर गेलेला लॉट. माल सोडताना क्यूसीच्या, म्हणजे दर्जा तपासणीच्या, रकान्यात सही माझी.

तक्रार आली की आधी रिटेन्शनचं कपाट उघडायचं. प्रत्येक लॉटचे नमुने मुदत संपेपर्यंत तिथे असतात. त्या लॉटच्या दहा सिरिंज काढल्या आणि कान अंगठ्याने मागे वाकवले. सगळे वाकले, दुमडल्या जागी पांढरे पडले, तुटला एकही नाही. मी हॉस्पिटलला पत्र लिहिलं: आमचे नमुने ठीक आहेत, तुमच्या स्टोअरमध्ये उष्णता लागली असावी.

चौथ्या दिवशी त्यांच्याकडून पार्सल आलं. त्याच कार्टनमधल्या चाळीस न उघडलेल्या सिरिंज. पहिलीचा कान वाकवायला गेलो आणि टक्. भाजलेला पापड मोडावा तसा. पांढरं पडणं नाही, ताणणं नाही, कड काचेसारखी स्वच्छ. दुसरी, तिसरी, तीच गत. चाळीसपैकी एकतीस तुटल्या. लॅबमधली मुलगी हातातलं काम टाकून बघत उभी राहिली.

एकच लॉट, एकच मोल्ड, एकच दाणा (सिरिंज ज्यातून ओततो ते कच्चं प्लास्टिक), मग कपाटातले वाकतात आणि यांचे तुटतात कसे? त्या दिवशी जेवायला उठलोच नाही.

पार्सलवर कार्टन नंबर होता म्हणून निभावलं. गॅमा प्लांटमध्ये कार्टन रचून कोबाल्ट-६० च्या सोर्सभोवती फिरवतात. कमीत कमी २५ किलोग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस रचलेल्या ढिगाच्या पोटातल्या मालालाही पोचायला हवा, त्यामुळे सोर्सकडे तोंड असलेल्या कडेच्या मालाला जास्त बसतो. हे टाळता येत नाही. डोसीमीटरचा रिपोर्ट काढला: मध्ये २६, कडेला ३९. आम्ही प्लांटला दिलेली वरची मर्यादा ४०. त्यांचं काम चोख होतं. हॉस्पिटलला गेलेलं कार्टन कडेचं निघालं. आणि आमचे रिटेन्शनचे नमुने? ते वर्षानुवर्षं मधल्या कार्टनमधून काढले जात होते, कारण सर्वात कमी डोस मिळालेल्या जागी निर्जंतुकता तपासायची असते आणि एकदा कार्टन फोडलं की त्यातूनच सगळं काढून मोकळं व्हायचं. जंतूंच्या हिशेबाने ती जागा बरोबर आहे. प्लास्टिकच्या हिशेबाने तिथे सगळ्यात निर्धास्त माल असतो.

मग मेल्ट फ्लो लावला. २३० अंशांवर, २.१६ किलो वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम प्लास्टिक बाहेर येतं ते बघायचं. प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या जितक्या तुटलेल्या तितकं ते पातळ वाहतं. मूळ दाणा १२ चा. कपाटातला नमुना ४५. पार्सलमधल्याची तर धारच लागली, तुकडे कापता येईनात.

आमची सिरिंज ज्याची, त्या पॉलिप्रॉपिलीनचा हा स्वभावच आहे. त्याच्या साखळीत एकाआड एक कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो. गॅमाने तो उडाला की तिथे रॅडिकल, म्हणजे जोडी सुटलेली, कशाशीही जुळू पाहणारी जागा, तयार होतं, आणि साखळी जुळण्यापेक्षा तुटण्याकडे झुकते. पॉलिइथिलीनमध्ये उलट, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. केबलचं आवरण त्यासाठी मुद्दाम रेडिएशनखाली घालतात. पॉलिस्टायरीनमधली बेंझिनची कडी ऊर्जा पचवून टाकते. पण पॉलिप्रॉपिलीनची खरी खोड पुढेच आहे. त्याच्या स्फटिकांत काही रॅडिकल अडकून राहतात आणि महिनोन्महिने जिवंत असतात. हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो, पेरॉक्साइड बनतात, नव्या साखळ्या तुटत राहतात. प्लांटमधून बाहेर पडलेली सिरिंज गोदामात शांत पडलेली दिसते तेव्हाही आत मोडतोड चालूच असते. आमची फ्लँजची चाचणी सातव्या दिवशी व्हायची.

(हॉस्पिटलच्या स्टोअरकीपरने मध्येच विचारलं, "यात रेडिएशन उरलेलं तर नाही ना?" नाही. कोबाल्टची किरणं १.१७ आणि १.३३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टची, त्यांनी प्लास्टिक किरणोत्सर्गी होत नाही. हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. ठिसूळपणाबद्दल मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.)

मग हे आधीच्या लॉटना का झालं नाही? कारण आधीचा दाणा रेडिएशन ग्रेडचा होता. त्यात रॅडिकल पकडणारे अमाइन स्टॅबिलायझर असतात, शिवाय थोडं तेल, ज्याने अडकलेली रॅडिकल हलती होऊन लवकर विझतात. मधे भाव वाढला आणि परचेसने 'तसाच' दाणा आणला. सर्टिफिकेटवर मेल्ट फ्लो तोच, घनता तीच, मोल्डिंगला तर आधीपेक्षा सुंदर चालला. परचेसला किलोचा भाव दिसतो, स्टॅबिलायझर दिसत नाही, आणि आमच्याकडे दाणा बदलताना क्यूसीला विचारायची पद्धत कागदावरच होती. तरीही 'समतुल्य' म्हणून मंजुरी मी दिली. सात दिवसांची चाचणी पास झाली होती. ट्रॉम्बेला आयसोमेड हा गॅमा प्लांट १९७४ साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडे वैद्यकीय माल गॅमाखालून जातो आहे. पॉलिप्रॉपिलीनचं हे वागणं या धंद्यात कुणालाच नवं नाही. मलाही माहीत होतं.

उरलेला लॉट परत बोलावला. जेवढा वापरला गेला तो गेला. आता नमुने कडेच्या कार्टनमधून वेगळे काढतो, खुणेला लाल पट्टी लावतो, आणि नवा दाणा आला की गॅमा झालेल्या सिरिंज, आतली मोडतोड लवकर दिसावी म्हणून, ६० अंशांच्या ओव्हनमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवून दर सोमवारी सहा कान वाकवतो. परचेसची कुरकुर चालू आहे, असू दे.

उष्णतेचं पत्र मागे घ्यायला मी स्वतः हॉस्पिटलमध्ये गेलो. सिस्टरांना विचारलं, नेमकं काय देत होता? बेंझाथिन पेनिसिलिन. ते दाट असतं, थांबलं तर सुईत बसतं, म्हणून न थांबता, सलग जोर लावून द्यावं लागतं. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली अकरा वर्षांची मुलगी, दर तीन आठवड्यांनी येणारी. कान तुटला, बोटं निसटली, सुई बाहेर आली. थोडं औषध आत गेलं, थोडं चादरीवर.

"किती आत गेलं ते कळेना," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनाही ठरवता येईना. शेवटी पुन्हा टोचलं. ती पोरगी पहिल्यांदाच रडली हो."